निळ्या दिव्याचा डबा आणि अण्णांचे कान

रत्नागिरीत आमचं रेडिओ-टीव्हीचं दुकान होतं तेव्हा पुढे काउंटरवर हे बसायचे आणि पडद्यामागच्या टेबलाशी मी. हे वॉट विकायचे आणि मी आवाज दुरुस्त करायची. गिऱ्हाइकांचा मात्र शेवटपर्यंत समज असा, की पडद्यामागे कोणी मिस्त्री बसतो आणि वहिनी त्याला चहा द्यायला आत जातात. दुरुस्त झालेला सेट मी स्वतः उचलून बाहेर आणून ठेवला, तरी लोक माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारायचे, "मिस्त्रीने काय बदललान् ह्यात?" मी म्हणायची, "एक कॅपॅसिटर." मग ते समाधानाने मान हलवायचे आणि यांचे आभार मानून निघून जायचे. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे पुढे त्या मिस्त्रीविषयी मलाच आदर वाटायला लागला.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास 'डिजिटल' हा शब्द आमच्या गावात आला. तो नेमका काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्याबद्दल मतभेदही नव्हते. डिजिटल म्हणजे चांगलं, एवढं ठरून गेलं. आधी डिजिटल डायऱ्या आल्या, मग सीडी आल्या, आणि दोन-चार वर्षांत घरोघरी डिजिटल रिसीव्हर यायला लागले. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हा एक पसरट काळा डबा. टीव्ही, सीडी, रेडिओ यांचा आवाज त्याच्यात जातो, तिथे तो मोठा होतो, आणि पाच लहान नि एका मोठ्या स्पीकरमध्ये वाटला जातो. डब्याच्या तोंडावर निळा दिवा असतो आणि त्यात अक्षरं धावतात. मुंबईत नोकरीला असलेला मुलगा गणपतीला येताना तो खांद्यावरून घेऊन यायचा, कारण खोकं मोठं दिसायचं आणि किंमत बेताची असायची.

तर, स्वस्तातल्या रिसीव्हरचा आवाज वाईट असतो, ही गोष्ट खोटी आहे. हे मला आजही ठासून सांगायचं आहे. तो डबा गरीब असतो, वाईट नसतो. वाईट वागतो ते आपण.

पहिलं म्हणजे वॉट. मंडणगडहून एक गृहस्थ एसटीने येऊन यांना विचारायचे, "ह्याच्यापेक्षा जास्त वॉटचा आहे काय?" ते तीनदा आले आणि दरवेळी जास्त वॉटचा घेऊन गेले. खोक्यावर छापलेला वॉटचा आकडा हा लग्न ठरवताना सांगितलेल्या मुलाच्या पगारासारखा असतो. त्यात ओव्हरटाइम, बोनस आणि मामाची इस्टेट सगळं धरलेलं असतं. मी यांना म्हणायची, अहो, त्यांना सांगा ना, माजघरात ऐकायला याच्या दहाव्या हिश्शात भागतं. हे म्हणायचे, "तू आत जा. मिस्त्रीने गिऱ्हाइकाशी बोलू नये."

दुसरं म्हणजे जागा. आमच्याकडे घरात नवी वस्तू आली की ती शोकेसमध्ये जाते. स्पीकरही तिथेच जायचे, बाहुल्या, शंखशिंपल्यांचा ताजमहाल आणि वक्तृत्वाची ढाल यांच्या शेजारी, काच बंद करून. पाचही स्पीकर एका रांगेत, शाळेच्या ग्रुप फोटोसारखे. काच उघडी ठेवा म्हटलं तर "खारी हवा लागते ना" हे उत्तर तयार. खारी हवा खरीच लागते, तारांच्या टोकांना हिरवी बुरशी चढते, ती मी आयुष्यभर खरवडली. पण म्हणून गाणाऱ्याला कपाटात कोंडून वर क्रोशाचा रुमाल टाकायचा नसतो. मोठ्या स्पीकरचं तर विचारूच नका. त्याची उंची नेमकी बसायच्या स्टुलाएवढी. त्याच्यावर मी फोन, फुलदाणी, आणि एका घरी चकल्यांचा डबा पाहिलाय. बाई म्हणाल्या, गाणं लागलं की चकल्या मोडतात, तेवढं बघा.

आणि तिसऱ्या आमच्या भिंती. चिऱ्याच्या, गिलावा केलेल्या, खाली गुळगुळीत फरशी. टाळी वाजवली की खोली उलट टाळी वाजवते. यावर माझा उपाय साधा होता. स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा. एकाही घराने तो ऐकला नाही. पाहुण्यांदेखत गोधडी? त्यापेक्षा आवाज फुटका बरा.

हे सगळं सांगितलं ते अण्णांकडे येण्यासाठी. मिरजोळ्याच्या अलीकडे त्यांची कलमांची बाग आणि घर. अण्णा गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. बागेतल्या कुठल्या कलमाला मोहोर आला हे त्यांना गड्याने सांगावं लागे, पण दर गुरुवारी पेटीसमोर बसले की समोरच्या पंधरा माणसांत कोणाचा आवाज किती उतरला हे ते डोळे मिटून सांगत. सांगत म्हणजे, भजन थांबवून सांगत.

एके दिवशी ते दुकानात आले. हे जेवायला घरी गेले होते. अण्णा बराच वेळ काउंटरवरच्या बॅटऱ्या बघत उभे राहिले आणि मग हळूच म्हणाले, "वहिनी, कान तपासायचं काही यंत्र असतं का हो तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "कान डॉक्टरांकडे तपासतात, अण्णा. इथे स्पीकर."

"डॉक्टरला सांगायला लाज वाटते. पेटीवाला मी."

त्यांना बसवलं, पाणी दिलं. मग हकीकत कळली. मुंबईच्या मुलाने, श्रीधरने, डिजिटल रिसीव्हर आणलान्. वायरमनने जोडलान्. घरात सगळे खूश. सून म्हणते काय आवाज आहे, शेजारी म्हणतात थेटर झालं. आणि अण्णांना त्यातलं गाणं ऐकूच येईना. आवाज येतो, पण गाणारी बाई कुठे बसली आहे तेच कळत नाही. विहिरीत उतरून गातेय असं वाटतं. तबल्याचा डग्गा नाहीसा. तंबोरा तर कधी होता असंही वाटत नाही. मागच्या महिन्यात भजन त्यांच्या घरी होतं, तेव्हा त्यांनी मुद्दाम सगळ्या मंडळाला ते गाणं ऐकवलं. पंधराच्या पंधरा जणांनी माना डोलावल्या. म्हणाले, अण्णा, एक नंबर!

"सगळ्यांना चांगलं वाटतं आणि मला एकट्याला वाईट," अण्णा म्हणाले. "म्हणजे बिघाड कुठे आहे ते उघड आहे. मी ठरवलंय. येत्या गुरुवारी पेटी प्रभाकरच्या स्वाधीन करतो. नासक्या कानांनी देवापुढे बसू नये."

प्रभाकर म्हणजे मंडळातला तरुण, त्याचा हात जड. तो पेटी वाजवत नसे, दाबत असे. पण मला प्रभाकरचं काही नव्हतं. समोर बसलेला माणूस स्वतःच्याच कानांना नासके म्हणत होता, ते ऐकवेना. चाळीस वर्षं ज्या एका गोष्टीवर हा माणूस उभा होता, ती एका डब्याने काढून घेतली होती, आणि डब्याच्या तोंडावर निळा दिवा आहे म्हणून कोणाला डब्याचा संशयसुद्धा आला नव्हता. मला राग आला. मी म्हटलं, "पेटी कोणाला देऊ नका. बुधवारी सकाळी मी येते."

"तुम्ही? मिस्त्री नाही का येत?"

"मिस्त्री आजारी आहे," मी म्हटलं.

बुधवारी माझ्या लुनावरून गेले. घरात पाऊल टाकलं आणि सगळे रोग एकाच पेशंटला झालेले दिसले. पुढचा डावा स्पीकर शोकेसमध्ये काचेआड, उजवा टीव्हीच्या डोक्यावर रुमाल पांघरून. मधला टीव्हीच्या मागे पडलेला, कारण तो पुढे ठेवला तर बरा दिसत नाही. मोठा कोपऱ्यात, फुलदाणीखाली. मागचे दोन तर घरातच नव्हते. ते पडवीत होते, रस्त्याकडे तोंड करून.

"पडवीत कशाला?" मी विचारलं.

अण्णांच्या पत्नी काकू म्हणाल्या, "अगो, घरातल्यांना तर ऐकू येतंच. येणाऱ्या-जाणाऱ्यांना नको का कळायला?"

मी डबा चालू केला. निळ्या दिव्यात इंग्रजीत 'स्टेडियम' ही अक्षरं धावली. या स्वस्त डब्यांत असली पाच-सहा सोंगं असतात. स्टेडियम, चर्च, हॉल, डिस्को. बटण दाबलं की डबा मूळ गाण्यात खोटा घुमारा कालवतो आणि गाणारी बाई क्रिकेटच्या मैदानात गायला लागते. श्रीधरला सगळ्यात भारी वाटलं म्हणून त्याने स्टेडियम लावून ठेवलं होतं. मी ते बंद केलं, नुसते पुढचे दोन स्पीकर ठेवले. सून दारात उभी होती, ती लगेच म्हणाली, "अय्या, आवाज कमी झाला."

"आवाज तेवढाच आहे. मैदान गेलं," मी म्हटलं.

मग दोन्ही स्पीकर बाहेर काढले, दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या रेषेत, भिंतीपासून हातभर पुढे ठेवले. अण्णांची खुर्ची दोघांच्या समोर मधोमध. रुमाल काढले तेव्हा काकूंचा चेहरा उतरला, ते त्यांनी स्वतः विणले होते. गोधडीचं नाव काढलं तेव्हा मात्र त्या आत निघून गेल्या. अण्णा उठले, स्वतः आतून गोधडी आणली आणि खिडकीच्या गजाला बांधली. त्यांनी मला एक प्रश्न विचारला नाही. डॉक्टरच्या टेबलावर झोपलेला माणूस विचारत नाही तसं.

गाणं लावलं. आवाज मोकळा झाला होता, पण अण्णा म्हणत होते ते खरंच होतं. बाई समोर नव्हती. ती डावीकडे होती, उजवीकडे होती, डोक्यामागे होती, फक्त मध्ये नव्हती. आणि खर्ज पार नाहीसा. मी अण्णांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती.

मी तारांच्या मागे लागले. उजव्या स्पीकरला सेटबरोबर आलेली वायर होती. डाव्याला वेगळीच, पांढरी, पिळाची. "ही कुठली?"

"ती गणपतीच्या मखराची," काकू आतून म्हणाल्या. "पडवीपर्यंत वायर पुरेना, म्हणून ह्याची काढून तिकडे जोडलान्. मग ह्याला मखराची लावलान्. वायरमन म्हणाला, वायर ती वायर."

दिव्याला वायर ती वायरच. दिव्याच्या दोन तारा कशाही जोडा, तो लागतो. स्पीकरचं तसं नाही. त्याला एक तार लाल, एक काळी, आणि ती डब्याच्या लालला लाल, काळ्याला काळीच जोडायची असते. मखराच्या वायरीच्या दोन्ही तारा पांढऱ्या, तिथे लाल कुठली न काळी कुठली? मी पर्समधून पेन्सिल सेल काढला. ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती. तारा डब्यातून सोडवायच्या आणि सेलच्या दोन टोकांना क्षणभर लावायच्या. स्पीकरचा कागदी पडदा टक्कन हलतो. उजव्याला लावला, पडदा पुढे आला. डाव्याला तसाच लावला, पडदा मागे गेला.

"बघा," मी अण्णांना म्हटलं. "झोपाळ्याला एकीकडून एकाने ढकललं आणि त्याच वेळी समोरून दुसऱ्यानेही ढकललं तर झोपाळा हलेल का? एक स्पीकर हवा पुढे लोटतोय तेव्हा दुसरा मागे ओढतोय. खर्ज एकमेकांत मारला जातोय. जे गाणं मधून यायचं ते कुठूनच येत नाहीये."

डाव्याच्या दोन तारा उलट करून जोडल्या. एवढंच. स्क्रूड्रायव्हरसुद्धा लागला नाही. गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तंबोरा आधी आला, खालून, फरशीतून उगवल्यासारखा. मग बाई आली आणि दोन स्टुलांच्या बरोबर मध्ये, जिथे नुसती मोकळी भिंत होती, तिथे बसून गायला लागली. तिने श्वास घेतलेला ऐकू येत होता. स्वस्तातला डबा, मखराची वायर, गोधडी टांगलेली खिडकी, आणि तरी ती तिथे होती. मी या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण तो क्षण आला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

अण्णा खुर्चीत रडत होते. पुसायचंही त्यांना सुचलं नाही. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "म्हणजे माझे कान शाबूत आहेत?"

"ठणठणीत. या घरात तुमचेच तेवढे बरोबर होते."

अण्णांनी दारात उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं, आतून डोकावणाऱ्या काकूंकडे पाहिलं, गाणं ऐकून आत आलेल्या शेजाऱ्याकडे पाहिलं. त्यांची पाठ एकदम ताठ झाली.

"म्हणजे बाकीचे सगळे बहिरे?" ते म्हणाले.

सून फक्त म्हणाली, "स्टेडियमचं जास्त छान होतं."

मी घरी आले ती तरंगत आले. यांना सांगितलं, आज एका माणसाचे कान परत केले. हे म्हणाले, "वॉट किती आहे त्याचा?"

पुढच्या आठवड्यात भजनी मंडळाचे विश्राम बुवा दुकानात आले. बुवा म्हणजे मंडळाचे मुख्य गायक, मोठ्या आवाजाचे, भातशेती करणारे, शांत गृहस्थ. त्यांनी पडदा बाजूला सारून थेट मलाच गाठलं. म्हणजे मिस्त्री कोण हे त्यांना कळलं होतं.

"वयनी, तुमी काम चांगला केलात," ते म्हणाले, "पन आमचा वाटोळा झाला."

"का हो? काय झालं?"

"काय झाला? गुरुवारी अण्णा आले ता सांगतच आले. माजे कान तपासून आणलेत, दुकानवाल्या वयनीनी सांगितलानी, गावात कान माजेच. आनि एक अभंग पुरा म्हनू दिला नाय. आदी एक अभंग दोनदा थांबवायचे, आता ओळ दोनदा थांबवतात. प्रभाकर मदीच उठून गेला."

मी म्हटलं, "बुवा, तुम्हाला माणसाची काही किंमत आहे की नाही? त्या डब्याने ते किती खचले होते. तुम्हा सगळ्यांना तो आवाज चांगला वाटला म्हणून ते स्वतःला बहिरे समजायला लागले."

बुवांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. एवढा मोठा आवाज इतका खाली येतो हे मला माहीत नव्हतं.

"वयनी, आमाला काय कान नाय काय? जल्म गेला भजनात. तो आवाज भिकार व्हता ता पैल्या ओळीत कळला. समद्यांना कळला."

"मग एक नंबर काय म्हणालात?"

"म्हनलाव, कारन अण्णांच्या तोंडावर दिसत व्हता, आपले कान गेले म्हनून." बुवांनी पायातल्या वहाणेकडे पाहिलं. "आमी म्हनलाव, जाऊंदेत."

मला हसावं की झोडावं ते कळेना. पंधरा माणसं. देवाचं नाव घेणारी. एक म्हातारा डोळ्यांदेखत मोडतोय आणि हे माना डोलावून त्याला हातभार लावतायत. मी बुवांना त्यांचं वय न बघता खूप बोलले. खारी हवा तारेला लागते, तुमच्या मनाला कधी लागली, इथपर्यंत बोलले. ते खाली मान घालून ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "या गुरुवारी देवळात येवा तुमी. बसा अन् ऐका. मग बोला."

मी गेले. चिडूनच गेले. अण्णांच्या बाजूने भांडायचं ठरवून, अगदी पुढे जाऊन बसले. पेटीवर अण्णा, ताठ, अंगात नवा सदरा, दहा वर्षांनी तरुण झालेले. मला बघून त्यांनी सगळ्यांदेखत हात जोडले. मला भरून आलं.

बुवांनी अभंग उचलला. दुसऱ्या ओळीला अण्णांनी हात वर केला. टाळ चढतायत. बरोबर होतं, टाळ चढत होते. पुन्हा सुरुवात. दुसऱ्या ओळीला हात वर. मागच्या रांगेतला कोणीतरी सूर सोडतोय. तेही बरोबर होतं, मलाही ऐकू आलं. पुन्हा सुरुवात. यावेळी पहिल्याच ओळीला. "बुवा, तुमचा पंचम बसत नाही." बुवांचा पंचम केसभर बसत नव्हता, देवाशपथ. माणसाला कळू नये इतका. पुन्हा सुरुवात, पुन्हा हात. अभंग काही केल्या विठ्ठलापर्यंत पोचेना. प्रत्येक वेळी अण्णांचं म्हणणं खरं होतं, आणि प्रत्येक वेळी ते खरं आहे हे कळणारी त्या देवळात मी बसले होते. समोरची पंधरा माणसं माझ्याकडे बघत होती. अण्णांकडे कोणीच बघत नव्हतं.

पुढचा हात वर गेला तेव्हा मी पदर सावरला, ओणव्यानेच उठले आणि चपला शोधायला दाराकडे सरकले.

"वहिनी!" पेटीवरून अण्णांचा आवाज आला. "निघालात कुठे? बसा, बसा. इथे ऐकणारं माणूस तुम्ही एकट्याच आहात."

मी परत येऊन खाली बसले. आणि अण्णांनी अभंग पहिल्यापासून सुरू केला.